तुकड्यातली बारी

आमचे हे नेहमी म्हणायचे, "पिक्चर कसाही असू दे शालन, तुकडा फक्कड पाहिजे." हे म्हणजे रंगराव, माझे यजमान आणि आमच्या फिरत्या तंबू थिएटरचे मालक. तुकडा म्हणजे शहरातले लोक ज्याला ट्रेलर म्हणतात तो. येणाऱ्या सिनेमातले चार घोडे, दोन मारामाऱ्या, नायिकेचं एक हसू आणि एक रडू, असं सगळं कापून जोडलेलं छोटंसं रीळ. ते आधी यायचं. चालू पिक्चरच्या मध्यंतरात आम्ही ते दाखवायचो, आणि लोक घरी जाताना चालू पिक्चरबद्दल न बोलता पुढच्याबद्दलच बोलायचे. माझं मत विचाराल तर तुकडा म्हणजे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. पोहे चांगले झाले म्हणून संसार चांगला होईल असं थोडंच आहे? पण माझं मत विचारतो कोण. मी बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचे.

ही गोष्ट पंचावन्न-छप्पन सालच्या आसपासची. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता, आकुर्डीकडे अजून ज्वारीची शेतं होती, आणि दिवाळी संपली की आम्ही आकुर्डी, चिंचवड, चाकण, खेड असा तंबू फिरवायचो. त्या वर्षी फाल्गुनात आम्ही चाकणला होतो. बाजारतळाच्या कडेला तंबू, मागे इंजिन, पुढे भोंगा. दुपारी बैलगाडीला दोन्ही बाजूंनी पोस्टरं बांधायची, हलगीवाला पुढे बसवायचा आणि वाड्यावस्त्यांवर ओरडत फिरायचं, ही आमची जाहिरात. ओरडायचं काम ह्यांचं. ह्यांचा आवाज असा की भामा नदीच्या या काठाला बोलले तर त्या काठाची म्हैस मान वर करायची.

तुकडा आला एसटीच्या टपावरून, पत्र्याच्या डब्यात. सिनेमाचं नाव 'मानाची बारी'. आमचा मशीन चालवणारा ज्योतीराम, त्याने तो मध्यंतरात लावला. मी दारात उभी होते. नायक-नायिका झाडाभोवती फिरले, खलनायकाने मिशीला पीळ दिला, लोक निवांत शेंगा फोडत बसले होते. आणि एकदम पडद्यावर घाट आला. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट. चढाची वाट, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, आणि खालून धुरळा उडवत वर येणारी बैलजोडी.

"आरं, ह्यो तर पाखऱ्या!" पुढून कुणीतरी ओरडलं. "तात्याबांचा पाखऱ्या! आन् त्यो सोन्या!"

सगळा तंबू उभा राहिला. या भागातला माणूस एक वेळ स्वतःच्या व्याह्याला ओळखणार नाही, पण घाटात पळालेला बैल तो शेपटीवरून ओळखतो. 'भिर्रर्र' करून असा काही गलका झाला की बाहेर गाड्यांना बांधलेले बैल बिथरले. पडद्यावर जोडी वर आली, निशाणापाशी पोचली, आणि नेमकी तिथेच मोठमोठी पांढरी अक्षरं आली. 'निकाल काय? लवकरच पाहा!' आणि तुकडा संपला.

"परत लावा! परत लावा!" शेंगा राहिल्या बाजूला. ज्योतीरामला तो तुकडा पुन्हा लावावा लागला, तेव्हा कुठे लोकांनी पुढचा पिक्चर चालू दिला.

हे प्रकरण काय आहे ते मला बायकांच्या बाजूला कळलं. आधीच्या चैत्रात जवळच्याच एका गावच्या जत्रेत पुण्याहून सिनेमावाले आले होते. त्यांनी घाटाच्या माथ्यावर कॅमेरा लावला आणि दिवसभर शर्यती टिपल्या. त्याच दिवशी तात्याबांची जोडी पळाली. तात्याबा भामेकाठच्या एका वाडीतले शेतकरी. पाखऱ्या आणि सोन्या घरच्याच गाईंचे, त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, सारजाबाईंनी, पोरांसारखे वाढवलेले. त्या दिवशी तशी बारी, म्हणजे एका जोडीची घाटातली धाव, दुसऱ्या कुणाचीच झाली नव्हती म्हणतात. पण ऐन निशाणापाशी धुरळ्याचा लोट उठला, आणि धुरळा बसला तेव्हा बैल घाट सोडून बाहेर, बाभळीत. आता निशाण ओलांडून मग बाहेर गेले असतील तर बारी खरी. आधीच बाहेर गेले असतील तर बाद. पंच होते चाकणचे आबाजी. सचोटीचा माणूस, चौथी शिकलेला, पारावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारा. त्यांनी हात आडवा हलवला. बारी बाद!

तात्याबा वाद घालत बसले नाहीत. तिथल्या तिथे डोक्याचा फेटा काढून त्यांनी सारजाबाईंच्या ओटीत टाकला आणि भैरवनाथाच्या देवळाकडे तोंड करून म्हणाले, "माझी बारी खरी ठरंस्तोवर ह्यो डोक्याला लावणार न्हाई."

बोलायला काय जातं! पण आमच्याकडे उघड्या डोक्याचा बाप्या म्हणजे सुतकातला बाप्या. वर्षभर तात्याबा बाजारात तसेच फिरले. लोक हसत नव्हते, नजर चुकवत होते, आणि ते हसण्यापेक्षा वाईट. आता वैशाखात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, सरूचं, लग्न होतं. पुनावळ्याच्या व्याह्यांनी निरोप धाडला होता की उघड्या डोक्याच्या माणसाच्या हातून आम्ही कन्यादान घेणार नाही. एक तर फेटा बांधा, नाहीतर मुलीच्या चुलत्याला उभं करा. तात्याबा म्हणाले, चुलता उभा राहील. त्या दिवसापासून सरूने बापाशी बोलणं टाकलं होतं.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं आणि ह्यांचा हातातला घास हातातच राहिला.

"शालन, अगं, आख्ख्या तालुक्याला एका गोष्टीचा निकाल पाहिजे, आणि तो निकाल माझ्या डब्यात येणार आहे!"

"अहो, पण पिक्चरमध्ये तो असेलच कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तुकडा कशाचा असतो? पिक्चरचाच ना? भाकरीचा तुकडा भाकरीतूनच येतो!"

मलाही पटलं. चाकणला पटलं, खेडला पटलं, सगळ्यांनाच पटलं.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी पोस्टरवरच्या नायिकेकडे पाठच फिरवली. नायिकेचं नावसुद्धा घेईनात. भोंग्यावर एकच धोशा. "बारी खरी का बाद? पाखऱ्या-सोन्याला न्याय मिळणार का? पंचांचा निकाल बरोबर का चूक? या हो या, आपल्या चाकणच्या तंबूत!" तुकडा मध्यंतरात तर लागायचाच, पण सुरुवातीला आणि शेवटीही लागायला लागला. अक्षरं आली की ज्योतीराम घंटा बडवायचा, हे भोंग्यावर "निकाल काय?" म्हणून ओरडायचे, आणि सगळा तंबू एका सुरात, "लवकरच पाहा!" ज्यांना वाचता येत होतं ते वाचायचे, ज्यांना येत नव्हतं त्यांनी पाठ केलं होतं. टोप्या आणि मुंडाशी हवेत. त्या दिवसांत चालू पिक्चर कोणता होता ते आज मला कुणी पैजेवर विचारलं तरी सांगता येणार नाही.

गर्दी इतकी वाढली की पुरुषांनी पडद्यापुढची सगळी जागा धरली आणि बायकांना पडद्याच्या मागे बसवावं लागलं. पातळ कापडाचा पडदा. पाणी मारून ओला केला की मागूनही चित्र झकास दिसायचं, फक्त उलटं. डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे. त्यावरून मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले.

"तिकीट सारखंच घेता आणि बायकांना उलटा पिक्चर दाखवता?"

"अगं, हसणं-रडणं कुठं उलटं दिसतं?" हे म्हणाले आणि भोंगा घेऊन निघून गेले. ह्यांच्याशी भांडण्यात तेवढा एक तोटा होता, की ह्यांच्याकडे भोंगा होता.

सारजाबाई रोज यायच्या. ठेंगण्या, काटक, बोलायला कमी. काखेत एक गाठोडं आणि मागे सरू. दारात थांबून मला एकच गोष्ट विचारायच्या.

"शालनबाई, पिक्चरमधी समदं नीट दिसंल न्हवं?"

"सारजाबाई, तुकड्यात एवढं दिसतंय, मग पिक्चरमध्ये किती दिसेल!"

त्या मान डोलवायच्या आणि गाठोडं पोटाशी धरून पडद्यामागे जाऊन बसायच्या. खेळ संपला की तस्संच ते गाठोडं घेऊन परत. मला वाटायचं, भाकरी असेल.

मग एका शनिवारी, भर बाजारात, आबाजी आमच्या तंबूपुढे येऊन उभे राहिले. चांगला लांबलचक गुलाबी फेटा, हातात काठी, आणि रागाने फेट्याहूनही लाल झालेलं तोंड.

"रंगराव, माझ्या निकालाचा डंका गावोगाव वाजवताय. म्या काय लबाडी केली व्हय?"

हे चपापले. "पंच, मी कुठं म्हणतो चूक? मी नुसतं विचारतोय, चूक का बरोबर."

"विचारताय, पर रोज विचारताय! लोकं माझ्याकडं बघून शिट्ट्या मारत्यात."

बघता बघता कांद्याच्या गाड्या सोडून बाजार आमच्यापुढे गोळा झाला. त्यात सारजाबाई आणि सरू होत्या, आणि तात्याबाही होते, उघड्या डोक्याचे, एका बाजूला उभे. आबाजींनी त्यांना पाहिलं आणि काठी जमिनीवर आपटली.

"ऐका समदी! माझ्या डोळ्यांला दिसलं त्ये म्या बोललो. पिक्चरमधी जोडी निशाण ओलांडताना दिसली, तर भर तंबूत माझ्या डोक्याचा फेटा सोडून तात्याबाच्या डोक्याला बांधीन. झालं?"

तात्याबा पुढे आले. "आन् न्हाई दिसली तर म्या जलमभर असाच ऱ्हाईन. जोडी बी ह्याच बाजारात उभी करीन. इकून टाकीन."

सरूने बापाकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच रडू आलं. पण सारजाबाई शांत होत्या. त्यांनी नुसतं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं.

पिक्चर आला त्या दिवशी चाकणची वाट गाड्यांनी भरून गेली. पिंपरीच्या कारखान्याची शिफ्ट सुटल्यावर तिथले कामगार ट्रकमध्ये उभे राहून आले. त्यातले निम्मे मराठवाड्यातले आणि कोकणातले, घाट म्हणजे काय ते न पाहिलेले, पण तेही "पाखऱ्या, पाखऱ्या" करत होते. तात्याबा जोडी जुंपूनच आले. बैल तंबूबाहेर बांधले, आणि आत जाणारा प्रत्येक जण त्यांच्या पाठीवर हात फिरवून जात होता. माझ्या हातून एकाच्या जागी दोन तिकिटं फाटत होती. ह्यांना तर बोलताच येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचा घसा बसला होता.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. नायिकेने गाणं म्हटलं. लोक म्हणाले, "बैल दावा!" नायकाने गाणं म्हटलं. लोक म्हणाले, "आरं बैल दावा की!" नायकाची आई आजारी पडली, बरी झाली, पुन्हा आजारी पडली. कुणाला तिचं सोयरसुतक नव्हतं. आबाजी पुढच्या रांगेत ताठ बसले होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर तात्याबा. दोघांनी एकमेकांकडे एकदाही पाहिलं नाही.

आणि घाट आला! इंजिनाचा आवाज बुडून जाईल एवढी आरोळी उठली. खालून पाखऱ्या-सोन्या सुटले. तीच जोडी, तीच धाव! मध्येच नायकाचं तोंड, गाड्यावर बसून आदळआपट करणारं. मागचं झाड मात्र जागचं हलत नव्हतं. लोक हसले. मग नायिका, हात जोडलेली. मग पुन्हा नायक. मग निशाण दिसलं, आणि जोडी दिमाखात निशाण ओलांडून गेली.

टाळी पडली नाही. शिट्टी वाजली नाही. मग कुणीतरी हळूच विचारलं, "ही बैलं कुनाची?"

खालून निघाली ती पाखऱ्या-सोन्याची जोडी, आणि वर पोचली ती भलतीच. शिंगं निराळी, वशिंडं निराळी, एका बैलाचा तर रंगच निराळा. सिनेमा जोडणाऱ्या त्या शहाण्याला वाटलं असेल, बैल तो बैल, कुणाला कळतंय! पण इथे पोरासोरांनाही कळत होतं. "बैल बदललं! आरं, बैल बदललं!" लोक उठले, ओरडले, तंबूच्या दोऱ्या हलायला लागल्या. ज्योतीरामने घाबरून मशीन बंद केलं आणि दिवे लावले.

तात्याबा उठले. कुणावर चिडले नाहीत, काही नाही. नुसते दाराकडे चालू लागले.

"तात्याबा," आबाजी मागून म्हणाले, "मला बी तुमचीच जोडी बघायची हुती." खरंच सांगते, आबाजींच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद कणभर नव्हता.

"व्हय," तात्याबा म्हणाले. "उद्या बाजारात येऊन बघा."

रोज दारात उभी राहून, 'पिक्चरमध्ये किती दिसेल' म्हणून सांगणारी मीच ना! त्या बाईला तोंड कसं दाखवायचं? तरी गेले पडद्यामागे. तिथे वेगळाच दंगा चालला होता. सारजाबाई पदर खोचून उभ्या होत्या, आणि रोज चार शब्द बोलणारी ती बाई तोफेसारखी सुटली.

"शालनबाई, आमची बारी कुटं हाय? तुकड्यात हाय ती पिक्चरमधी का न्हाई?"

"सारजाबाई, तुकड्यातली बारीसुद्धा निशाणापाशीच संपते की हो."

"कोन म्हनतं? दोगं बी निशाण वलांडून जात्यात! आमी रोज बघतोय."

"रोज बघतो," मागून दुसरी म्हणाली. "निशाण मागं पडतं, आन् मंग बाभळीत शिरत्यात."

"अहो, पण तिथे तर अक्षरं येतात!"

"येत असत्याल. आमाला हिकडनं नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा दिसत्यात. त्या रेघांच्या मागं बैल पळतच असत्यात की."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढून अक्षरं सुलटी, म्हणून आम्ही सगळे ती वाचत होतो, घोकत होतो, घंटा बडवत होतो, टोप्या उडवत होतो. मागून अक्षरं उलटी. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून बायका बैल बघत होत्या.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"हितं बसले त्याच दिशी घरला जाऊन सांगितलं. ह्ये म्हनले, घरच्या बाईची साक्ष कोन धरतंय? पिक्चर येऊ दे, समद्यांम्होरं दिसंल. आन् तुमी बी रोज त्येच म्हनत हुता."

मी धावतच सुटले. ज्योतीरामने तुकड्याचा डबा सकाळच्या एसटीने परत पाठवायला सुतळीने बांधून ठेवला होता. मी दातांनी सुतळी तोडली. हे आडवे आले. घशातून आवाज निघत नव्हता, नुसते हात हलवत होते. लोक मशीन फोडतील, हे त्यांचं म्हणणं.

"फोडू देत!" मी म्हटलं आणि ह्यांच्या हातातला भोंगा काढून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"अहो मंडळी, खाली बसा!" माझाच आवाज ऐकून मी दचकले. "तात्याबांना दारातच थांबवा! बारी पिक्चरमध्ये नाही, तुकड्यात आहे. आपण सगळे अक्षरं वाचत बसलो. आता ज्याला वाचता येतं त्याने कृपा करून वाचू नका. अक्षरांच्या मागे बघा!"

बाईचा आवाज भोंग्यावर ऐकून लोक आधी गप्प झाले आणि मग बसले. दिवे गेले. तुकडा लागला. पाखऱ्या-सोन्या सुटले, वर आले, अक्षरं आली, आणि सवयीने अर्धा तंबू ओरडला, "लवकरच पाहा!" लगेच उरलेला अर्धा त्यांच्यावर खेकसला, "आरं, वाचू नगा म्हनत्यात न्हवं!" हशा पिकला. पुन्हा लावला. आता कुणी म्हणे दिसलं, कुणी म्हणे नाही दिसलं. आबाजींची तर फारच पंचाईत. पारावर वर्षानुवर्षं वर्तमानपत्र वाचलेला माणूस.

"माझी नजर अक्षरावरच जातीया हो," ते काकुळतीला आले. "अक्षर दिसलं की म्या वाचतोच. काय करू?"

तेव्हा पडद्याच्या मागून सारजाबाईंचा आवाज आला. "पंच, हिकडं या. बायकांत बसा."

बायकांच्या बाजूला पुरुषाने जायचं, आणि तेही आबाजींनी! आबाजींनी काठी बाजूला ठेवली. मग उठले, दारापर्यंत गेले आणि तात्याबांचा हात धरला. "चला."

दोघे पडद्यामागे आले. बायकांनी पदर सारखे करून जागा दिली. आबाजी मांडी घालून बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, "पर हिकडनं समदं उलटं दिसतंय."

"बैल उलटा दिसला म्हनून निशाण त्याच्या म्होरं पळतं व्हय?" सारजाबाई म्हणाल्या.

ज्योतीरामने तुकडा लावला.

मीही त्या बाजूने पहिल्यांदाच बघत होते. घाट आला. जोडी आली. पांढऱ्या रेघांचं जाळं पडद्यावर उमटलं, पण ते वाचायचं नव्हतं, नुसतं होतं. त्याच्या फटींतून पाखऱ्याची मान दिसली, सोन्याचे पाय दिसले, निशाणाची काठी दिसली. काठी दोघांच्या शिंगांशी आली, खांद्याशी आली, शेपटीशी आली, मागे पडली. मग कुठे लोट उठला आणि मग बैल वळले. इतकं स्वच्छ!

आणि त्या निशाणाच्या काठीशेजारी एक माणूस उभा होता. गुलाबी रंग काही पडद्यावर दिसत नव्हता, पण लांबलचक फेटा होता. तो उपरण्याने खसाखसा डोळे पुसत होता. जोडी त्याच्या पुढून गेली तरी पुसतच होता.

"त्यो कोन?" आबाजींनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"त्यो डोळंपुशा," एक म्हातारी म्हणाली. "त्यो रोज असतो."

बायका तोंडाला पदर लावून हसू दाबायला लागल्या. आबाजी हसले नाहीत. बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिले, तिथे आता काहीच नव्हतं तरी.

"माझ्याच डोळ्यात धुरळा गेला हुता," ते म्हणाले. "मला वाटलं, समद्यांच्याच गेला."

मग त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि फेट्याचं टोक सोडायला घेतलं. बोलले होते तसं करणारा माणूस. एक वेढा सुटला, दुसरा सुटला, तेवढ्यात तात्याबांनी त्यांचं मनगट धरलं.

"नगं आबाजी. तुमचा नगं. तुमी उघडं व्हाल. त्ये कसं लागतं त्ये मला ठावं हाय."

सारजाबाई खाली वाकल्या, गाठोड्याची गाठ सोडली. आत भाकरी नव्हती. धुतलेला, घडी घातलेला, तात्याबांचा फेटा होता. पडद्यामागे बसून ज्या दिवशी त्यांनी बारी पाहिली, त्या दिवसापासून रोज तो बरोबर आणत होत्या आणि रोज परत नेत होत्या.

"ह्यो बांधा," त्या आबाजींना म्हणाल्या.

आबाजींनी वेढ्यावर वेढा देत तो बांधायला घेतला. तात्याबा खाली मान घालून उभे राहिले आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. पडद्यापुढच्या लोकांना यातलं काही दिसत नव्हतं. तिकडे नुसती चुळबुळ. शेवटी ह्यांच्याच्याने राहवेना. ह्यांनी भोंगा उचलला आणि बसलेल्या घशाने, जमेल तेवढं, ओरडले, "निकाल काय?"

आणि पहिल्यांदाच उत्तर पुढून आलं नाही. पडद्याच्या मागून, सगळ्या बायकांचा एक आवाज, "बारी खरी!"

मग एकच जल्लोष! टोप्या उडाल्या, कारखान्याचे कामगार एकमेकांना खांद्यावर घेऊन नाचले, कुणीतरी बाहेर जाऊन पाखऱ्या-सोन्याच्या अंगावर गुलाल उधळला, ह्यांनी मला सगळ्यांदेखत "शाबास शालन" म्हटलं आणि मी सगळ्यांदेखत लाजले. हलगी कधी सुरू झाली ते कळलंच नाही.

त्या गोंधळात तात्याबा पडद्यामागेच उभे होते, फेट्यावर हात ठेवून, तो खरंच आहे ना ते चाचपत. सरू त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. इतके दिवस बापाशी न बोललेली पोर. तिने त्यांचा हात बाजूला केला आणि टाचा उंचावून फेटा दोन्ही हातांनी नीट बसवला.

"दादा," ती म्हणाली, "तिरका झाला हुता."